निर्झर रेसिडेन्सीतून बाहेर पडणारे पाणी : शून्य

"आपलं पाणी कोणाच्या घरात गेलं?" शुभंकरशेठनी विचारलं.

बाहेर वैशाखाचं ऊन होतं. रत्नागिरीत सात महिन्यांत आभाळातून थेंब पडला नव्हता. पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कातळाच्या सड्याच्या उतारावर उभ्या राहिलेल्या 'निर्झर रेसिडेन्सी'च्या साइटवर प्यायचं पाणीसुद्धा बाटलीतून येत होतं. पण शेठच्या हातातल्या सरकारी आदेशात स्वच्छ लिहिलं होतं : सदर प्रकल्पाचे पाणी खालच्या बाजूस राहणाऱ्या यमुनाबाई यांच्या जागेत शिरून त्यांना त्रास होत आहे. तरी तिकडे एकही थेंब जाणार नाही अशी व्यवस्था करून ती प्रत्यक्ष दाखवावी. अन्यथा भोगवटा प्रमाणपत्र मिळणार नाही.

"शेठ, पाणी अजून पडलंच नाही," ऋत्विक म्हणाला.

"मग शिरलं काय?"

ऋत्विकनं आदेशाचा कागद उलटून बघितला. तो साइटवरचा सगळ्यांत नवा इंजिनिअर. पोफळीच्या कॉलनीत वाढलेला, वडील तिथल्या पाण्यावरच्या वीजकेंद्रात. त्यामुळे पाणी वरून खाली येतं एवढी गोष्ट त्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होती. म्हणून पावसाच्या पाण्याचा आराखडा त्याच्याकडे आला होता, आणि त्यानं तो मन लावून केला होता. डोंगर कापला होता त्याच्या माथ्यावर चर, कापलेल्या उतारावर माती धरून ठेवायला वाळ्याची रोपं, मग गाळ बसायची टाकी, आणि तिथून पाइपानं ते पाणी जुन्या पऱ्यात. सड्यावरून पावसाळ्यात वाहणारा हा ओढा. शेठनी भराव टाकून त्याचा वरचा अर्धा भाग बुजवला होता आणि त्यावर पार्किंग बांधलं होतं. खालचा अर्धा भाग यमुनाबाईंच्या जागेतून जात होता.

"ही बाई आहे कुठे पण? नकाशात तर तिथे नुसती झाडं आहेत."

"घर आंब्यांखाली आहे, शेठ. ड्रोनला दिसलं नाही."

"ड्रोनला दिसलं नाही ते कचेरीला बरं दिसलं!"

"मी जाऊन विचारून येऊ का त्यांना? दोन मिनिटांचा रस्ता आहे."

"खबरदार. वकिलांनी सांगितलंय, तक्रारदाराशी बोलायचं नाही. बोललं की कबुली होते," शेठ खाली वाडीत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले.

ऋत्विकनं आराखड्याची गुंडाळी केली. त्याला कायम करायचं की नाही हे दिवाळीत ठरणार होतं.

जोडपत्र अ : मूळ अर्ज (फाइलच्या तळाशी)

विषय : नवीन बिल्डिंगच्या पाण्याबाबत.

साहेबांस नमस्कार. आमच्या घराशेजारून पऱ्या जातो. बिल्डिंगवाल्यांनी गेल्या वर्षी तो वरती माती टाकून बुजवला. पऱ्याचे पाणी आमच्या विहिरीत मुरत असे. चाळीस वर्षांत विहीर आटली नाही ती यंदा होळीला आटली. मी टँकरच्या लायनीत उभी राहते. वय त्रेसष्ट. तरी बिल्डिंगवाल्यांना सांगून पऱ्याचे पाणी पऱ्यात सोडावे. पाणी आमच्याकडे येऊ द्यावे, आमची काही हरकत नाही. पावसाआधी पऱ्या साफ करायचे काम आमची वाडी करते, त्याची काळजी नसावी. कळावे. यमुनाबाई.

जोडपत्र आ : शेरे (फाइलच्या वर)

"बिल्डिंगच्या पाण्याबाबत तक्रार."

"बिल्डिंगच्या पाण्यामुळे तक्रार. चौकशी व्हावी."

"पाणी तक्रारदाराच्या जागेत जात असल्याचे दिसते."

"पाणी शिरून त्रास. तातडीचे."

आणि हिरव्या शाईत : "एक थेंबही जाता कामा नये."

फाइल पाच टेबलांवरून फिरली आणि प्रत्येक टेबलानं फक्त आपल्या आधीचा शेरा वाचला. तळाचा कागद काढून वाचणं म्हणजे आधीच्या माणसावर अविश्वास दाखवणं, आणि त्या कचेरीतली माणसं एकमेकांना फार धरून होती.

मुद्दा १ : पाण्याची विल्हेवाट

आता पाणी पऱ्यात सोडायचं नाही. मग सोडायचं कुठे? दुसरी जागा म्हणजे रस्त्याचं गटार. ते साइटच्या वरच्या अंगाला होतं.

"गटार वर आहे, शेठ. पाणी वर चढत नाही."

"सॉफ्टवेअरमध्ये बघ ना काही होतंय का."

सॉफ्टवेअरमध्येही झालं नाही. शेवटी ऋत्विकनं आठ-आठ फुटांचे चार शोषखड्डे काढले. कागदावर ते आठ फूट गेले. जमिनीत दोन फुटांवर कातळ लागला, मशीनचा दात तुटला आणि मशीनवाला जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही. शेठ म्हणाले, वरून जाळी टाका, आत कोण बघतंय.

तपासणीला ज्ञानेश्वरी मॅडम येणार होत्या. कचेरीतल्या त्या एकट्याच अशा, की ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी यायच्या. त्यामुळे सगळे त्यांना घाबरून असत. त्यांनी आधीच कळवलं होतं : तीन टँकर पाणी वरच्या कोपऱ्यात सोडा. मी खाली पाइपाच्या तोंडाशी बसून बाहेर किती येतं ते मोजते.

"तीन टँकर दोन फुटी खड्ड्यांत मावणार नाहीत," ऋत्विक शेठच्या कानात म्हणाला.

"देवाला नारळ दिलाय."

मुद्दा २ : चाचणी

पहिला टँकर चढणीला लागला तेव्हा केरू ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न दिला. दोन लांब, एक आखूड.

केरूचा टँकर वाडीत दर तिसऱ्या दिवशी यायचा. त्या आठवड्यात पाचवा दिवस उजाडला तरी आला नव्हता, कारण शेठनी तो अडकवून ठेवला होता. हॉर्न ऐकल्याबरोबर आंब्याखालून, माडाखालून, दगडी गडग्यामागून बायका निघाल्या. टँकर साइटच्या कोपऱ्यावर थांबेपर्यंत त्याच्यामागे हंड्यांची रांग लागलेली होती. रांगेत माणसं कमी आणि भांडी जास्त. वाडीच्या नियमानं भांडं उभं असलं की माणूस उभा धरतात.

"ए केरू! पाणी चरात सोडायचंय!" शेठ ओरडले.

"तां मला कळतां, शेठ. पण बाया आल्या की माझा हात आपसूक तिकडं जातो."

"अहो बायांनो, हे प्यायचं पाणी नाही! हे पावसाचं पाणी आहे!"

यमुनाबाई रांगेत तिसऱ्या होत्या. त्यांनी डोक्यावरची चुंबळ नीट केली. "वैशाखात पावसाचां पाणी? मग तर घरी न्हेऊन ठेवायलाच हवां."

दुसरा टँकर आला तोवर शेजारच्या वाडीलाही कळलं होतं. तिसऱ्याला कोणीतरी पिंप आणलं, त्यामागून रिक्षा आली, आणि रिक्षात दोन टाक्या होत्या. शेवटी उरलं ते बायकांनी पाय धुवायला घेतलं. जाळीखालचे शोषखड्डे कोरडे ठणठणीत राहिले.

खाली, पाइपाच्या तोंडाशी, ज्ञानेश्वरी मॅडम छत्री, बादली आणि घड्याळ घेऊन बसल्या होत्या. मध्ये बिल्डिंग असल्यामुळे त्यांना वरचं काही दिसत नव्हतं. त्यांच्या तक्त्यात दोनच रकाने होते, 'सोडलेले पाणी' आणि 'बाहेर आलेले पाणी'. अर्धा तास झाला, तास झाला. पाइपातून एक सरडा बाहेर आला. त्याला रकाना नव्हता.

भरला हंडा घेऊन यमुनाबाई पायवाटेनं उतरल्या आणि मॅडमसमोर थांबल्या.

"बाय, कचेरीतली काय तू? माझ्या अर्जाचां काय झालां?"

"यमुनाबाई तुम्हीच का? त्याचसाठी आलेय, मावशी."

"म्हंजे पाणी सोडनार?"

"छे छे! एक थेंब सोडू देणार नाही. अगदी निश्चिंत राहा."

"अगो, पण मला तां हवांय."

"मावशी, असं तोंडी काही घेता येत नाही मला. लेखी द्या."

"दिलांय की."

"हो ना. म्हणून तर हे सगळं चाललंय."

यमुनाबाईंनी मॅडमच्या कोरड्या बादलीकडे बघितलं. मग मान हलली तर पाणी सांडेल म्हणून तशाच ताठ मानेनं निघून गेल्या.

ऋत्विक धावत खाली आला. "मॅडम, वरती काय झालंय, की पाणी जरा..."

"जिरलं!" मागून आलेल्या शेठनी त्याच्या बुटावर बूट ठेवला. "आमच्या जमिनीला ओढच तशी आहे, मॅडम. गेलं कुठे ते आम्हालासुद्धा कळत नाही."

मॅडमनी कोरडी बादली उलटी करून बघितली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा प्रकल्प पाहिला नव्हता. त्यांनी लिहिलं : सोडलेले पाणी, तीन टँकर. बाहेर आलेले पाणी, शून्य. परिसरात स्थानिक महिलांची वर्दळ, सामान्य.

मुद्दा ३ : धूप

"पाणीच बाहेर जात नाही, तर माती कशाला जाईल?" असं म्हणून शेठनी वाळ्याची रोपं रद्द केली. उतार उघडा दिसू नये म्हणून मंडपवाल्याकडून हिरवं कार्पेट आणून ते खिळ्यांनी ठोकलं. त्या हिरवळीवर आधी दोन लग्नं आणि एक डोहाळेजेवण झालेलं होतं. कडेला आइस्क्रीमचा डाग होता. तिथे कुंडी ठेवली.

मुद्दा ४ : गाळ टाकी

हा मुद्दा शेठनी काढून टाकला.

मुद्दा ५ : पाइप

शून्य पाण्याला पाइप कशाला? तोंडाशी सिमेंट भरून टाकलं. जाहिरातीच्या कागदावर धबधब्याचा फोटो होताच, त्याखाली 'शून्य विसर्ग प्रकल्प' अशी ओळ आली. यमुनाबाईंना तक्रारीवर कारवाई पूर्ण झाल्याचं कळवायचं असं कचेरीत ठरलं आणि उत्तराचा मसुदा सहीसाठी वर गेला.

"शेठ," ऋत्विक म्हणाला, "पावसाळ्यात कोणी हंडे घेऊन येत नाही."

"तू फार निगेटिव्ह आहेस. दिवाळीला आहे ना तुझं?"

मुद्दा ६ : चावीवाटप

जूनभर पाऊस नुसता आल्यासारखं करून गेला. कार्पेट टवटवीत झालं. शेठ येता-जाता ऋत्विकला म्हणायचे, "काय रे, बुडालो का?"

जुलैच्या दुसऱ्या रविवारी पहिल्या सव्वीस कुटुंबांना चाव्या द्यायच्या होत्या. बुधवारपासून पाऊस थांबला नव्हता. रविवारी सकाळी अकराला शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या नावातच निर्झर आहे." त्याच वेळी त्यांच्या मागचं हिरवं कार्पेट आपले खिळे घेऊन खाली यायला निघालं. घाई नव्हती त्याला. डाग, कुंडी आणि अर्धा उतार सोबत घेऊन ते मंडपापर्यंत आलं आणि पहिल्या रांगेच्या पायांशी थांबलं.

मग खालून कोणीतरी ओरडलं, "पार्किंगमध्ये पाणी!"

पाणी लाल होतं, गुडघाभर होतं आणि फरशीच्या सांध्यांतून वर येत होतं. ज्या गाडीला अजून नंबर मिळाला नव्हता तिच्या बॉनेटवर एक कुर्ली नांग्या उगारून चढून बसली होती, आणि तिला सोसायटीत पहिलं पाऊल टाकल्याचं काही वाटत नव्हतं. लिफ्ट मध्येच थांबली. आत पूजेचं ताट घेतलेले भटजी होते.

"कुठून येतंय हे?" शेठनी विचारलं.

"पऱ्यातून."

"तो आपण बुजवला ना!"

"आपण बुजवला, शेठ. त्याला कोणी कळवलं नव्हतं."

उपाय एकच होता. खालच्या अंगाची भिंत फोडायची आणि पाणी पऱ्यात सोडायचं. पण त्या भिंतीपलीकडे यमुनाबाईंची जागा होती, आणि 'एक थेंबही नाही' हा आदेश शेठनी स्वतःच फ्रेम करून ऑफिसात लावला होता. ऋत्विकनं ज्ञानेश्वरी मॅडमना फोन लावला. चावीवाटपाला बोलावलं असूनही त्या रविवारी कचेरीत होत्या.

"भिंत फोडायची तर तक्रारदाराची लेखी संमती लागेल," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय नाही."

मुद्दा ७ : संमती

यमुनाबाई पडवीत बसून फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होत्या. शेजारी त्यांचे दीर धाकू बसून सोललेल्या खात होते, त्यामुळे वाडगं भरत नव्हतं.

ऋत्विक चिखलात माखून आला. "काकी, एक सही हवी होती."

"कसली रे बाबा?"

"बिल्डिंगचं पाणी तुमच्याकडे सोडायला तुमची हरकत नाही, अशी."

यमुनाबाईंनी धाकूंकडे बघितलं. धाकूंनी आठळी गिळली.

"नाय," यमुनाबाई म्हणाल्या.

"काकी, पाया पडतो. पार्किंग भरलंय. खालच्या मजल्यावरच्या लोकांची घरं..."

"घरां बुडू नयेत, मला कळतां तां. पाणी सोडा. आत्ता सोडा. पण मी परत काय लिवायची नाय. एकदा लिवलां तर तुमी पायपाला बूच मारलात. दुसऱ्यांदा लिवलां तर कचेरी येऊन माझी हीर बुजवील."

"नुसती सही, काकी!"

"सही पन नाय. सहीनंच घात केलान."

इतक्यात शेठ आले. पांढरे कपडे मांडीपर्यंत लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती दोन मिनिटांची वाट चालून बघितली होती. "काकी, झालं गेलं विसरा. काय असेल ते बोलू आपण बसून."

"वकिलानं बोलायला परवानगी दिलान काय?" धाकूंनी विचारलं.

शेठ खांबाला टेकले. पाऊस पडतच होता. वरून कोणीतरी ओरडून सांगत होतं, पाणी कमरेला लागलं, आणि भटजी आतून मंत्र म्हणायचे थांबलेत.

ऋत्विकनं पुन्हा फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "मॅडम, त्या तयार आहेत, पण लिहून देत नाहीत."

"का नाही देत? पहिली तक्रार तर व्यवस्थित लिहून दिली होती त्यांनी."

"ती वाचलीन काय कुणी?" यमुनाबाई फोनकडे बघून म्हणाल्या. "की नुसतीच शाय उडवलीत तिच्यावर?"

पलीकडे मॅडम जरा दुखावल्या. "थांबा, मूळ अर्जच काढते. इथेच आहे फाइल."

फाइलची दोरी सुटल्याचा आवाज आला. मग पानं उलटल्याचा. हिरवी शाई, निळी, काळी. मग नुसता पागोळ्यांचा.

"हॅलो? मॅडम?"

"अहो," मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला होता. "संमती आहे की इथे. चैत्रातली."

"मग फोडू?" शेठनी विचारलं.

"फोडा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मावशींना सांगा... नको, मीच येऊन सांगते."

धाकू उठले, माळ्यावरची पहार काढली आणि भिंतीशी गेले. ऋत्विक मोबाइलवर नकाशा उघडून जागा शोधायला लागला. तोपर्यंत धाकूंनी तिसरा घाव घातला होता. चिरा निखळला, मग दुसरा, आणि पाणी असं गेलं की जणू वर्षभर तिथेच दाराशी उभं होतं. पऱ्यात कुठे अडलं नाही, कुठे तुंबलं नाही. वाडीनं यंदाही मे महिन्यात पऱ्या साफ केला होता. पाणी येणार नाही हे माहीत असून. दरवर्षी करतात म्हणून.

तासाभरात पार्किंग रिकामं झालं. भटजी बाहेर आले आणि थेट घरी गेले.

"आता ऐका," यमुनाबाई शेठना म्हणाल्या. "पऱ्यावर ज्याचां घर, त्यानं दर घरामागं चार हात पऱ्या साफ करायचा. वाडीचा नियम हाय. तुमची घरां किती?"

"चौऱ्याऐंशी. पण सव्वीस विकली गेलीत!"

"त्यांचां ते करतील. न विकलेली कुनाची?"

शेठ कपड्यांवरचा लाल चिखल झटकायला लागले.

"अठ्ठावन्न घरां," धाकू बोटांवर मोजत म्हणाले, "म्हंजे दोनशे बत्तीस हात."

जोडपत्र इ : पूर्तता

पुढच्या वैशाखात यमुनाबाईंच्या विहिरीचे खालचे पाच दगडी थर पाण्याखाली होते. टँकर वाडीत येऊन हॉर्न देऊन गेला तेव्हा त्या लायनीत नव्हत्या.

पऱ्यात सगळी वाडी उतरली होती आणि सव्वीस कुटुंबंही, हातमोजे घालून. एका बाजूला शुभंकरशेठ एकटे फावडं मारत होते. गेल्या वर्षभरात त्यांनी फ्लॅट विकायचा जिवापाड प्रयत्न केला होता, एक फ्लॅट गेला की चार हात कमी. पण जुलैतल्या त्या रविवारचा व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या आधी पोचायचा. ऋत्विक दिवाळीत कायम झाला होता. तो फीत धरून शेठचे हात मोजत होता.

पोस्टमन गडग्यावरून वाकला. "यमुनाबाई! कचेरीचं रजिस्टर!"

"वाच रे, ऋत्विका."

ऋत्विकनं हात पुसले, वरची गेल्या वैशाखातली तारीख बघितली आणि मोठ्यानं वाचलं. "आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली असून प्रत्यक्ष तपासणीअंती बाहेर पडणारे पाणी शून्य आढळले आहे. यापुढे आपल्या जागेत पाण्याचा एक थेंबही येणार नाही, याची ही कचेरी हमी देते."

पऱ्यात सगळे थांबले. शेठनी फावडं खाली ठेवलं, कंबर सरळ केली आणि आशेनं विचारलं, "थेंबही येणार नाही? मग हे साफ करायची गरजच नाही ना, काकी?"

यमुनाबाईंनी कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"शेठ, तां कचेरीचां झालां. तुमचे अजून सत्तर हात ऱ्हायलेत."